रुपयाचे मूळ अवयव



शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे ज्या घरी त्या परीक्षेस बसणारे मूल आहे, त्या घरी एक प्रश्न हटकून कानी पडतो. “अमुक संख्येला मूळ अवयव किती?” मुंबई-पुण्याच्या घरांतून तो जसा ऐकू येतो, तसाच जालना, अंबड, परतूर, भोकरदन येथील घरांतूनही ऐकू येतो, कारण परीक्षा एक आणि प्रश्नही एकच. मूल पाटीवर किंवा वहीत उभी रेघ ओढते, डावीकडे २ लिहिते, पुन्हा २ लिहिते, आणि संख्या १ पर्यंत उतरली की उत्तर मोजते. वडील माणसे जवळ बसलेली असली तर त्यांच्या मनात साहजिकच येते की, हा खटाटोप कशासाठी? व्यवहारात याचा उपयोग तो काय?

या शंकेस उत्तर म्हणून आज एक छोटासा इतिहास सांगावयाचा आहे. तो राजांचा नव्हे, नाण्यांचा व मापांचा आहे. जालन्याच्या बाजारपेठेने एका दशकाच्या आत दोन वेळा आपला रुपया बदलताना पाहिला. आणि दोन्ही वेळा कोणाचा हिशेब चोख उतरला व कोणाच्या पदरी अपूर्णांक पडला, याचा निवाडा अखेर मूळ अवयवांनीच केला. परीक्षेतील तो रूक्ष प्रश्न एके काळी मराठवाड्यातील घरोघरच्या पैशाचा प्रश्न होता.

प्रथम शब्दांचा अर्थ नीट ठरवू. ज्या संख्येस १ व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या होय. २, ३, ५, ७, ११, १३ या अशा संख्या. १ ही मूळ संख्या मानीत नाहीत. बाकीच्या साऱ्या संख्या या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनतात, आणि त्या एकाच रीतीने बनतात. म्हणजे १२ ही संख्या २, २ आणि ३ यांच्या गुणाकाराने होते. कोठूनही आरंभ करा, शेवटी हेच तीन अवयव हाती येतात. मूळ संख्यांचा शास्त्रोक्त विचार ग्रीक पंडित युक्लिड याच्या ग्रंथात आढळतो. आणि अवयव पाडण्याची रीत एकच एक असते, या सिद्धांताची स्पष्ट मांडणी व सिद्धता जर्मन गणिती गाउस याने १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केली.

आता १९२ ही संख्या घेऊ. ती सहा वेळा निम्मी करिता येते: ९६, ४८, २४, १२, ६, ३. शेवटी ३ उरतात. म्हणजे १९२ मध्ये २ हा अवयव सहा वेळा व ३ हा एकदा आला. यास मूळ अवयव किती? निरनिराळे मोजाल तर दोनच. पुनरावृत्तीसह मोजाल तर सात. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि प्रश्नकर्त्याने कोणते विचारले आहे हे न पाहणारे मूल येथेच फसते. तिसरा प्रश्न असतो तो एकंदर विभाजकांचा, म्हणजे ज्यांनी १९२ ला निःशेष भाग जातो त्या सर्व संख्यांचा. विभाजक बनविताना २ हा अवयव एकदाही न घेण्यापासून सहा वेळा घेण्यापर्यंत सात पर्याय, आणि ३ हा घेणे अथवा न घेणे असे दोन पर्याय. सात दुणे चौदा. म्हणून १९२ चे विभाजक चौदा. एवढीच ती रीत. तिच्यात पाठ करण्याजोगे फारसे काही नाही, समजून घेण्याजोगे मात्र आहे.

१९२ ही संख्या मुद्दामच घेतली. वडीलधाऱ्या श्रोत्यांनी ती ओळखली असेल. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैचा आणा. म्हणून जुन्या रुपयाच्या पै १९२.

ह्या रुपयाकडे येण्यापूर्वी थोडे मागे, यादवांच्या काळात जाऊ. आजचा जालना जिल्हा ज्या भूमीत आहे, तीवर त्या वेळी देवगिरीकरांची सत्ता होती. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ हा ग्रंथ शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास रचिला. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणिला. गणिताच्या अध्ययनासाठी मठ उभारावा व त्यास राजाश्रय मिळावा, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासात अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

त्या ‘लीलावती’च्या आरंभी प्रथम मापांची कोष्टके येतात. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्काच्या कवड्या २०,४८०. आता परीक्षेतील मुलाप्रमाणे याचे अवयव पाडा. वीसात दोन वेळा २ व एकदा ५; चारात दोन वेळा २; पहिल्या सोळात चार वेळा २; दुसऱ्या सोळात पुन्हा चार वेळा २. एकंदरीत २ हा अवयव बारा वेळा आणि ५ हा एकदा. पुनरावृत्तीसह मोजल्यास मूळ अवयव तेरा! आणि गंमत अशी की, या निष्कातून एकच कवडी काढून घ्या. २०,४७९ ही संख्या उरते, आणि ती मूळ संख्या आहे. तिला कशानेच भाग जात नाही. एका कवडीच्या अंतराने संख्येचा स्वभाव इतका पालटतो.

तेरा अवयव हे फार की थोडे? याचे उत्तर मिळावयास १९१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी केंब्रिज येथे प्रो. हार्डी आणि आपले श्रीनिवास रामानुजन यांनी मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. पुष्कळ लहान लहान अवयवांनी बनलेल्या संख्या व्यवहारात ‘गोल’ वाटतात, आणि अशा संख्या विरळा असतात असा सर्वांचाच समज असतो. त्या समजास गणिताची नेमकी भाषा देणे हा त्या निबंधाचा हेतू होता. त्यांनी असे दाखविले की, संख्या वाढत जाते तसतसे तिच्या मूळ अवयवांचे सामान्य प्रमाण विलक्षण मंदगतीने वाढते. वीस हजारांच्या घरातील बहुतेक संख्यांना तीनाच्या आसपास मूळ अवयव असतात. कोटीच्या घरात तीन-चार. आणि ऐंशी आकडी प्रचंड संख्या घेतली तरी पाच-सहा. निरनिराळे अवयव मोजा की पुनरावृत्तीसह मोजा, या सामान्य नियमात फारसा फरक पडत नाही, हेही त्यांनी सिद्ध केले. परीक्षेत मुलांना घोटाळ्यात टाकणाऱ्या त्या दोन मोजण्या या दोन महापंडितांनीही वेगवेगळ्या तपासल्या होत्या, हे ऐकून मुलांस धीर यावा.

या कसोटीवर निष्काचे तेरा अवयव म्हणजे अपवादातला अपवाद होय. आपल्या १९२ चेही तसेच आहे. तिचे शेजारी पाहा: १९० ला तीन मूळ अवयव, १९४ ला दोन, आणि १९१ व १९३ या तर स्वतःच मूळ संख्या. मध्येच १९२ ला सात! अशा विरळा संख्या मापांच्या कोष्टकांत पुनःपुन्हा याव्यात, हा योगायोग नव्हे. शेराचे तोळे ८०, त्यात २ चार वेळा व ५ एकदा. तोळ्याच्या गुंजा ९६, त्यात २ पाच वेळा व ३ एकदा. मणाचे शेर ४०. एका मणाच्या गुंजा केल्यास ३,०७,२०० होतात आणि त्या संख्येस पुनरावृत्तीसह पंधरा मूळ अवयव आहेत. लांबीची कोष्टकेही याच घराण्यातली. चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड. तेथेही दोन आणि तीन यांचेच राज्य.

याचे कारण कोणा पंडिताच्या बुद्धीत शोधण्याचे प्रयोजन नाही. ते तागडीत आहे. ज्याच्यापाशी तराजू आहे व वजने नाहीत, तो एकच गोष्ट बिनचूक करू शकतो: धान्याची रास दोन पारड्यांत सारखी वाटून तिचे दोन समान भाग. पुन्हा निम्मे, पुन्हा निम्मे. तिसरा किंवा पाचवा हिस्सा तराजूवर असा सहज पडत नाही. म्हणून ज्या मापात २ हा अवयव पुष्कळ वेळा आला, ते माप बाजारात टिकले. किती वेळा निम्मे करिता येईल, याचे उत्तर म्हणजे त्या मापात २ हा अवयव किती वेळा आहे, एवढेच.

जुन्या रुपयाच्या नाण्यांची नावे या दृष्टीने ऐका. रुपयाचे निम्मे अधेली. तिचे निम्मे पावली. तिचे निम्मे चवली. चवलीचे निम्मे आणा. आण्याचे निम्मे ढब्बू. ढब्बूचे निम्मे पैसा. आणि पैशाच्या पै तीन. सहा वेळा निम्मे करण्याची सोय, आणि सहाही पायऱ्यांस स्वतंत्र नाव! शेवटी उरलेल्या तीन पै म्हणजे १९२ मधला तो एकटा ३. पाढ्यांचीही रचना याच धोरणाची होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे मुलांकडून घोकून घेतले जात, ते काही त्यांच्या छळासाठी नव्हे. निम्मे आणि पाव यांवर चालणाऱ्या बाजारात तीच खरी अंकविद्या होती.

आपल्या शास्त्रीय परंपरेतही भाग जाण्याचा विचार मुळीच नव्हता असे नाही. भास्कराचार्यांच्या कुट्टक प्रकरणात संख्यांना साधारण भाजकाने भागून त्या ‘दृढ’ करून घेण्याची रीत आहे. पुढे दोहोंत समान अवयव उरत नाही अशा संख्यांना ते हे नाव देतात. नारायण पंडितांनी इ. स. १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त संख्येचे भाजक शोधण्यास स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तीत संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात आणून तिचे अवयव पाडण्याची युक्ती आहे. उदाहरणार्थ, १,१६१ ही संख्या ३५ च्या वर्गातून ८ चा वर्ग वजा करून येते; म्हणून ती ३५ उणे ८ आणि ३५ अधिक ८, म्हणजे २७ व ४३ यांचा गुणाकार होय. हीच युक्ती युरोपात सुमारे तीन शतकांनी फर्मा या फ्रेंच गणित्याच्या नावाने प्रसिद्ध झाली.

आता जालन्याकडे वळू. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते, आणि १९४८ पर्यंत तो सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पेठ जुनी आणि नामांकित. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण तिच्या वैभवाची साक्ष देते. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाला, आणि या पेठेचा मुंबईशी संबंध निकटचा झाला. परंतु मनमाड आणि जालना यांच्या दरम्यान एक अदृश्य रेषा होती. तिच्या पलीकडे इंग्रजी अंमलाचा रुपया चाले. त्यास इकडील लोक ‘कलदार’ म्हणत. अलीकडे संस्थानचा स्वतःचा रुपया, तो ‘हाली’. दोहोंचेही आणे सोळा. परंतु दोघांची किंमत सारखी नव्हे. शेवटच्या काळातील सरकारी हिशेबात सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, असा भाव होता.

सात आणि सहा! दिसावयास शेजारचे आकडे; परंतु गणिताच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सहा म्हणजे दोन त्रिक. हे दोन्ही अवयव १९२ मध्ये आहेत. सात ही मूळ संख्या. ती १९२ मध्ये एकदाही नाही. याचा परिणाम काय झाला तो पाहा.

मुंबईहून कलदार घेऊन आलेल्या माणसास हाली करावयाचे असले तर एका रुपयास एक रुपया आणि एक षष्ठांश, म्हणजे एक रुपया, दोन आणे व आण्याचे दोन तृतीयांश इतके मिळावयाचे. शंभर कलदारांचे ११६ हाली रुपये, दहा आणे व पुन्हा आण्याचे दोन तृतीयांश. आण्याचे तीन भाग सहज पडतात. हिशेब शेवटपर्यंत चोख. आता उलट बाजूने चला. जालन्याच्या माणसास हालीचे कलदार करावयाचे आहेत. एका हाली रुपयाचे कलदार तेरा आणे, आठ पै आणि वर पैचे चार सप्तमांश! शंभर हालीचे ८५ रुपये, अकरा आणे, पाच पै आणि पैचा एक सप्तमांश. पैचा सप्तमांश कोणत्याही टांकसाळीने कधी पाडला नाही आणि पाडणार नाही. मुंबईकडून येणारा पैसा पूर्ण भागाने येई. जालन्याकडून जाणारा अपूर्णांक टाकून जाई. रक्कम सातच्या पटीत असेल तेव्हाच काय ती सुटका.

हा अपूर्णांक क्षुल्लक म्हणून हसण्यावारी नेऊ नये. समजा, एकाने सात हाली रुपये एकदम दिले. त्यास सहा कलदार, म्हणजे १,१५२ पै मिळावयाच्या. दुसऱ्याने तेच सात रुपये गरजेप्रमाणे एकेक करून मोडले, आणि प्रत्येक वेळी पैचा अपूर्णांक सुटला. त्यास दर वेळी १६४ प्रमाणे सात वेळा मिळून १,१४८ पै मिळतील. चार पैची खोट आली. सातशेंची थैली मोडणारा सावकार येथे काहीच गमावीत नाही. एकेक रुपया मोडणारा मजूरच गमावतो. भाव दोघांस एक, कायदा दोघांस एक. तथापि तोटा मात्र एकालाच. सात ही मूळ संख्या आहे एवढ्या एका गोष्टीत हा अन्याय दडलेला आहे, आणि तो ओळखावयास मूळ अवयवांचे ज्ञान असावे लागते.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यावर हाली रुपयाचे दिवस भरत आले. १९५० पासून भारतीय रुपया तेथे चालू झाला. १९५१ मध्ये हाली नाणे काढणे बंद होऊन भारतीय रुपया हेच चलन झाले. आणि १९५९ मध्ये हाली कायमचा बाद ठरला. या वर्षांत पगार असो, भाडे असो, देणे असो, हालीत लिहिलेल्या प्रत्येक आकड्यास सहाने गुणून सातने भागणे प्राप्त झाले. मराठवाड्यातील एका पिढीने सातचा भागाकार शाळेत शिकला असेल-नसेल, परंतु दुकानाच्या गादीवर तो खचित शिकला.

ती घडी बसते न बसते तोच दुसरा पालट आला. १ एप्रिल १९५७ रोजी भारताने दशमान नाणे स्वीकारले. रुपया तोच, परंतु त्याचे भाग १९२ ऐवजी १०० झाले. पुन्हा अवयव पाहू. १०० मध्ये २ दोन वेळा आणि ५ दोन वेळा. पुनरावृत्तीसह मूळ अवयव चार आणि विभाजक नऊ. पूर्वी अवयव सात आणि विभाजक चौदा होते. सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. सव्वासहा नवे पैसे कोठून आणणार? तेव्हा तक्ता ठरला: एका आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, तीन आण्यांस एकोणीस आणि चार आण्यांस पंचवीस नवे पैसे. एकेक आणा करून सोळा आणे वसूल करणाऱ्याच्या हाती शंभराऐवजी शहाण्णवच पैसे आले. येथेही तीच गोष्ट: ठोक रकमेस धक्का नाही, चिल्लर रकमेस कात्री.

परंतु चार आण्यांवर हिशेब पुन्हा जमला तो का? १९२ आणि १०० या दोहोंत समान असे अवयव कोणते ते पाहा. ३ पहिल्यातच आहे, ५ दुसऱ्यातच आहे. २ मात्र पहिल्यात सहा वेळा, दुसऱ्यात दोन वेळा. समान तेवढे घेतले तर दोन दुणे चार. मुले ज्यास मसावि म्हणतात, तो येथे ४. म्हणून जुना आणि नवा रुपया फक्त चार सारख्या तुकड्यांच्या सांध्यावर एकमेकांस चोख मिळतात: चार आणे, आठ आणे, बारा आणे आणि सोळा आणे. ‘एक आणा’, ‘तीन आणे’ हे शब्द बोलण्यातून हळूहळू गेले. पण ‘चार आणे’ आणि ‘आठ आणे’ हे शब्द पंचवीस व पन्नास पैशांसाठी पुढे कितीतरी वर्षे घरोघर चालले. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले तरी हे शब्द सर्वस्वी गेलेले नाहीत. भाषेने कोणते शब्द ठेवावे आणि कोणते टाकावे हे लोकांनी सभा भरवून ठरविले नव्हते. परंतु जे टिकले ते बरोबर मसाविच्या सांध्यावरचे टिकले, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

वजनांचेही असेच झाले. १९५६ च्या कायद्याने मण-शेरांच्या जागी किलोग्रॅम आणण्याचे ठरले व पुढील काही वर्षांत तो सर्वत्र रूढ झाला. शेराचे तोळे ८०. तो चार वेळा निम्मा होई: चाळीस, वीस, दहा, पाच. किलोचे ग्रॅम १,०००. त्यात २ तीन वेळा व ५ तीन वेळा. म्हणून किलो तीनदा निम्मा होतो: पाचशे, अडीचशे, सव्वाशे, आणि तेथे थांबतो. पुढचे निम्मे साडेबासष्ट, ते पूर्णांकात बसत नाही. बाजारात भाजीवाली अडीचशे ग्रॅमांस ‘पावशेर’ म्हणते तेव्हा शेर केव्हाच गेलेला असतो. परंतु दोनदा निम्मे करण्याची सोय नव्या मापातही शिल्लक असल्याने जुना शब्द त्याच जागी बसून राहतो.

मग जुने ते चांगले आणि नवे ते वाईट, असा याचा अर्थ घ्यावा काय? मुळीच नाही. जुना रुपया तीन भावांत बरोबर वाटला जाई: प्रत्येकी पाच आणे चार पै. सहा जणांतही वाटला जाई. परंतु वाटेकरी पाच झाले की तो अडे. कारण १९२ मध्ये ५ नाही. नवा रुपया पाच जणांत वीस-वीस पैशांनी चोख वाटला जातो, आणि तिघांत मात्र अडतो. कारण १०० मध्ये ३ नाही. सात वाटेकऱ्यांपुढे दोघेही हतबल आहेत. शिवाय आपण अंक लिहितो ते दहाच्या पटीने. ही दशमान अंकपद्धती भारताची जगास देणगी आहे. तिच्याशी जुळणारे नाणे घेतल्याने रुपये, आणे, पै असे तीन रकान्यांचे हिशेब एका ओळीत आले, व मुलांची वर्षेच्या वर्षे वाचली. निम्मे करण्याची सोय थोडी गेली, लिहिण्याची सोय पुष्कळ आली. कोणते माप निवडावे हा व्यवहाराचा प्रश्न आहे. परंतु निवडीबरोबर कोणते मूळ अवयव पदरी पडतात व कोणते हातचे जातात, हे आधी कळले म्हणजे त्याची किंमत कोणास मोजावी लागेल तेही कळते. ज्यांनी सातास सहा हा भाव पूर्वी ठरविला, त्यांनी कदाचित सोन्या-चांदीचा विचार केला असेल. एकेक रुपया मोडणाऱ्याचा विचार त्या भावात दिसत नाही.

म्हणून घरातील मूल पुढच्या वेळी “मूळ अवयव किती?” असे विचारील, तेव्हा त्यास उत्तर सांगण्याची घाई करू नये. प्रथम त्यास विचारावे की, निरनिराळे मोजावयाचे की पुनरावृत्तीसह? मग विचारावे की, ही संख्या किती वेळा निम्मी होते? तीन जणांत वाटली जाईल काय? पाच जणांत? सात जणांत? आणि जमल्यास घरातील आजी-आजोबांस त्याच्या शेजारी बसवावे. अधेली, पावली, चवली ही नावे त्यांच्या तोंडून ऐकली म्हणजे १९२ मधील ते सहा दोन आणि एक तीन त्या मुलास आयुष्यात विसरणार नाहीत. परीक्षेत गुण मिळतील ते मिळोत. परंतु वाटणी चोख कशी होते आणि बाकी कोणाच्या माथी जाते हे ज्यास लहानपणी कळले, त्याचा पुढचा हिशेब, आपल्या जुन्या भाषेत सांगावयाचे तर, सोळा आणे खरा उतरेल.